डोंगरावर सोडायचं आहे

मु. सावरखेड, ता. कळंब
८ जानेवारी १९५८

महारुद्र गुरुजींना व्याही हिंमतराव पाटलाचा रामराम.

पत्र लिहायचं म्हणलं की आमचा हात जड होतो. आमची सगळी शाळा उर्दूत झाली, मराठी अक्षरं अजून हाताखाली सरळ चालत न्हाइत. चुकलंमाकलं पदरात घ्या.

तुमच्या पोरीचं कळवतो. गोपूला जाऊन सहावा महिना लागला. आमचा बी नातूच होता तो. गोवरानं बघता बघता नेला. तवापासून वनमाला बोलत न्हाय. जात्यापाशी बसली तर बसलेली, दळण तसंच पडून. परवा पेटती चूल टाकून आडाकडं निघाली, बब्रुवाननं दंडाला धरून माघारी आणली. कळंबचा डॉक्टर झाला, सोलापूरचा झाला, वैदू झाला. इलाज संपले. घरातल्या बाया रातच्याला कडी लावून निजत्यात. बब्रुवान अजून पोरगाच हाय, त्याचं सगळं आयुष्य पडलंय. आधी असं झालं तर माणूस दुसरी करायचा आणि पहिली बी त्याच घरात खायची. नव्या कायद्यानं ती बी वाट बंद केली.

तवा घरात असं ठरलंय की तिला सटवाईच्या डोंगरावर नेऊन सोडायचं. लेकराचं कपाळ सटवाईनं लिहिलं, आता आईचं बी तिनंच बघावं. पण तुमी जन्म दिला. तुमचा राजीखुशीचा होकार कागदावर आल्याबिगर आमी पाऊल उचलणार न्हाय. एक इनंती. तुमी दोघं येऊ नका. माहेरचं माणूस दिसलं की जीव माघारी वढतो, मग कुणालाच जमायचं न्हाय.

गिरिजाबाईंना रामराम सांगा.

हिंमतराव

---

उमरगा
१५ जानेवारी १९५८

प्रिय हिंमतराव,

नमस्कार. तुमच्या अक्षरांना नावं ठेवू नका. माझ्या सातवीच्या वर्गात याहून वाकडी पुष्कळ आहेत आणि ती पोरं मराठीच शिकलेली आहेत.

पत्र वाचून किती दिवसांनी मला नीट घास गेला! दसऱ्यापासून मी तुम्हाला लिहितोय की तिला चार भिंतींतून बाहेर काढा, मोकळ्या वाऱ्यात न्या, औषधाच्या बाटलीत हे दुखणं बरं व्हायचं नाही. तुमच्याकडून उत्तर नाही, तेव्हा मी समजलो की मास्तरकी कुणी ऐकत नाही. आणि आज तुम्ही होऊन डोंगराचं नाव काढलंत. तर माझा पूर्ण, राजीखुशीचा होकार. सोडा, आणि उन्हं तापायच्या आत लवकर सोडा. कायद्याचं म्हणाल तर तो चांगलाच आहे, पण तो वाद समोरासमोर घालू.

तुमचं पत्र घरात वाचून दाखवलं तर आमच्या मंडळींनी नेमकं एका शब्दावर बोट ठेवलं. "सोडायचं म्हंजे वो काय?" मी म्हटलं, अगं, पोराला शाळेत सोडतो, पाहुण्याला मोटारीवर सोडतो, तसं देवीपाशी सोडायचं. "आन् मग?" मी हसलो. म्हटलं, मग देवी आहे की! बायकांना शब्दाच्या पोटात नेहमी काहीतरी दिसत असतं.

आता कामाचं. कळंबला असताना मी दरवर्षी पोरांची सहल त्या डोंगरावर नेत असे. अर्ध्या जिल्ह्याचे पाय त्या वाटेवर उमटलेत, पण वनमाला कधी डोंगर चढलेली नाही. लहानपणी न्यायची म्हटलं की तिला ताप यायचा! म्हणून सांगतो ते ध्यानात ठेवा. आजपासून तिला रोज मळ्यापर्यंत चालवत न्या, पायाला सवय लागू द्या. यात्रेच्या दिवसांत नको, गर्दीत ती बावरेल. एखादा आडवार धरा, डोंगरावर चिटपाखरू नसतं. पश्चिमेची धोंड्यांची वाट जवळची खरी, पण नवख्या माणसाचा तिथं जीव जातो. पूर्वेची गाडीवाट धरा. लांब आहे, पण अंगावर येत नाही. पायात जुन्या वहाणा असू द्या, नव्या चावतात. उजाडायच्या सुमाराला पायथा सोडावा. पोट तडस भरून चढू नये, वाटेतल्या चिंचेखाली अर्धी भाकरी खावी, बाकीची वर.

निम्म्यावर एक कट्टा आहे, त्याला दमकट्टाच म्हणतात. तिथं बसवा. पाणी घोटघोट द्या. "चल चल" करू नका, आणि बोलायला तर मुळीच लावू नका. खालचं गाव तिथून काडेपेटीएवढं दिसतं. माणसाला आपलं दुःखही तेवढंच दिसायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

शेवटचा चढ थोडा उभा. तिथं तिचा हात सोडून द्या. तिची तिला चढू द्या, तुम्ही चार पावलं मागं राहा. वर पोचली की तिला एकटीला बसू द्या, कुणी बोलू नका, कुणी जवळ जाऊ नका. उतरायचं वेगळं काय सांगू? उतार माणसाला आपोआप खाली आणतो.

आम्ही यावं असं फार वाटतं, पण तुम्ही लिहिलंत ते पटलं. मन घट्ट करून इथंच राहतो.

तुमचा,
महारुद्र बिराजदार

---

सावरखेड
२४ जानेवारी १९५८

गुरुजींना रामराम.

तुमचं पत्र बब्रुवाननं चावडीवर चार शहाण्यांत वाचलं, मग घरात वाचलं. बाया डोळ्याला पदर लावून रडल्या. लेकीला असं पोचवायचं आणि वर पाणी कसं द्यायचं ते बी लिहायचं, एवढं काळीज आमच्यात कुणाचं न्हाय. वनमाला बी भिंतीला टेकून ऐकत होती. तुमचं अक्षर दाखवलं तर तिनं कागद हातात घेतला आणि लई येळ सोडला न्हाय.

रोज मळ्यापर्यंत चालवतोय.

दोन गोष्टी इचारायच्या राहिल्या. बरोबर तिचं काय काय द्यावं? आणि अंगावरचं सोनं घरी उतरवून घ्यावं का वर देवीपुढं? आमच्यात दोन मतं पडल्यात. तुमी सांगाल ते.

हिंमतराव

---

उमरगा
३० जानेवारी १९५८

प्रिय हिंमतराव,

चावडीवर पत्र वाचलंत! माझं एखादं तरी लिखाण गाजलं म्हणायचं. आणि तुमच्या घरच्या मंडळींना सांगा, रडण्यासारखं यात काही नाही, हे फार चांगलं चाललं आहे. वनमालानं माझा कागद हातात धरून ठेवला हे वाचून मी उठून अंगणात गेलो आणि तिथं थोडा वेळ उभा राहिलो.

सामान हलकं द्या. चढावर तोळ्याचा शेर होतो. एक घोंगडी असू द्या, वर गार वारं सुटतं. भाकरी, गूळ, पाण्याचा तांब्या. एक लुगडं जास्तीचं असलं तर बरं. माझ्याकडून एक कोरी वही आणि शिसपेन्सिल वेगळ्या टपालानं धाडतोय, ती बरोबर द्या. लहानपणी ती रुसली की बोलायची नाही, पाटीवर लिहून दाखवायची.

सोनं डोंगरावर न्यायचंच कशाला? सगळं घरीच उतरवून ठेवा. हा काय विचारायचा प्रश्न झाला!

आमच्या मंडळींचं अजून "आन् मग?" चाललंच आहे. धाकट्या लीलाला बघायला पाहुणे येणार आहेत, त्या गडबडीत तरी विसरतील असं वाटलं होतं. डोंगर झाला की लगेच कळवा. ती काय म्हणाली, हसली का, भाकरी किती खाल्ली, सगळं.

महारुद्र

---

सावरखेड
१२ फेब्रुवारी १९५८

गुरुजींना रामराम.

काम झालं. तुमाला कळवायला बसलोय पण बोरू पुढं जात न्हाय.

तुमी लिहिल्यापरमाणं आडवार धरला. सोनं घरीच उतरवलं. डोरलं काढताना तिनं मान खाली केली. बब्रुवानला नेला न्हाय, तो गोठ्यात जाऊन बसला. मी, आमच्या घरची सारजाबाई आणि गाडीवान एवढेच. पूर्वेची वाट धरली. चिंचेखाली अर्धी भाकरी दिली, ती खाल्ली तिनं.

दमकट्ट्यावर बसवली. खालचं गाव बघत बसली. मग आपल्या आपण "पाणी" म्हणली. गुरुजी, सहा महिन्यात पहिला शब्द. सारजाबाईनं तिला घोटघोट पाणी दिलं. ती मला बाजूला घेऊन म्हणली, "आवो, बोलली की वो पोरगी, चला माघारी नेऊ." माझं बी पाऊल अडलं होतं, खोटं कशाला सांगू? पण मी म्हणलो, चावडीवर चार माणसांत बापाचा होकार वाचलाय, देवीला बोललेलं मोडलं तर हाय ते बी घर बसंल.

शेवटच्या चढाला हात सोडला. चार पावलं मागं राहिलो. ती वर पोचली, दरडीकडं तोंड करून बसली. वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. तुमी म्हणला होता, कुणी बोलू नका, जवळ जाऊ नका. आमी बोललो न्हाय. गाठोडं देवळाच्या उंबऱ्यापाशी ठेवलं आणि मागल्या पावलानं उतरलो. वर धुरपदाबाई म्हणून एक म्हातारी दिवाबत्ती करती, तिच्या कानावर घातलंय. ती आमाला लई बोलली. बोलू द्या. सारजाबाई उतरताना चार ठिकाणी खाली बसली. तुमी लिहिलं होतं उतार आपोआप खाली आणतो, तसं काय झालं न्हाय.

आता ती देवीची. तुमची न्हाय, आमची न्हाय. तुमचं आमचं नातं इथंच थांबलं तरी तुमच्यासारखा व्याही आमाला मिळाला न्हाय, हे मनापासून लिहितो.

हिंमतराव

---

उमरगा
२१ फेब्रुवारी १९५८

हिंमतराव पाटील,

रामराम लिहायची माझी इच्छा नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या घरी ते ऐकून कुणी रडलं नाही. गिरिजाबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं, आणि तेव्हापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

मी सोडा म्हणालो ते नेऊन पोचवा म्हणून! दर्शनाला न्या म्हणून! शाळेत पोरगं सोडतात ते संध्याकाळी आणायला जातात की नाही? तुम्हाला हे कळू नये? माणूस काय जनावर आहे, देवाच्या नावानं सोडून द्यायला? सोनं घरी ठेवा म्हणालो ते चोराचिलटाच्या भयानं, तिचं डोरलं उतरवा म्हणून नव्हे. ती पाणी म्हणाली, आणि तरी तुमचं पाऊल पुढंच पडलं. माझ्याच कागदाला धरून तुम्ही माझ्या लेकीचा गळा कापलात.

काल मी डोंगरावर जाऊन आलो. ती देवळाचं अंगण झाडत होती. मला बघितल्यावर खराटा खाली ठेवला आणि "तात्या" म्हणाली. हिंमतराव, ती बोलते. हळू बोलते, पण नीट बोलते. गोपूचं नाव घेऊन रडली. जे दुखणं तुम्हाला घरात नको होतं ते दमकट्ट्यावरच उतरलं होतं. आणखी थोडा वेळ थांबला असतात तर ती तुमच्या मागोमाग चालत खाली आली असती.

मी तिला बरोबर आणलेलं नाही. मुद्दाम आणलेलं नाही. इथले वकील म्हणतात, बापानं माहेरी नेली तर उद्या तुम्ही म्हणाल की तीच घर सोडून गेली. ते मी होऊ देणार नाही. तुम्ही सोडलीत, तुम्हीच वर जायचं, चारचौघांत डोरलं पुन्हा बांधायचं आणि तिला हाताला धरून उतरवून न्यायचं. तोवर ती तिथंच राहील. तिला मी तसं समजावून सांगितलं आहे. तिनं मान हलवली.

उत्तराची वाट बघतो.

म. बिराजदार

---

सावरखेड
४ मार्च १९५८

गुरुजी,

पत्र पोचलं. वाचलं.

आमाला काय कळावं हो? देवीला वळू सोडतात, कोंबडं सोडतात, ते काय संध्याकाळी आणायला जातात? तुमी लिहिलं 'सोडा'. लिहिलं 'हात सोडून द्या', 'एकटीला बसू द्या'. घरच्या बाईनं 'आन् मग' इचारलं तर तुमी लिहिलं, मग देवी आहे. परत कवा आणायची ते एक अक्षर न्हाय. आमी ते दहादा वाचलं. शिकलेला माणूस शब्द मोजून लिहितो असं आमी समजत होतो.

आता माघारी फिरायची वाट न्हाय. बब्रुवानचं वाशीच्या सोयऱ्यात जमलंय, सुपारी फुटली. त्यांना तुमचा कागद दाखवूनच जमवलंय. कायद्यानं आमाला पकडलं तर पकडू द्या, गावानं पकडलं न्हाय.

सारजाबाई आता जेवत न्हाय धड. घरात एक गप्प होती, आता दुसरी गप्प झाली. हे आमचं आमी भोगू.

पण गुरुजी, एक इचारतो. आमी तर चुकीच्या समजुतीनं सोडली. तुमाला सगळं कळलं होतं. लेक पुढ्यात उभी होती, बोलत होती. तुमी का आणली न्हाय?

हिंमतराव

---

सटवाईचा डोंगर
१९ मार्च १९५८

तीर्थरूप तात्या, तुमच्या आणि आईच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमचं पत्र खालच्या दुकानदारानं धुरपदाबाईबरोबर वर पाठवलं. येत्या रविवारी न्यायला येतो म्हणता. वकिलाचं काही ऐकणार नाही म्हणता. आणि उतरायचं कसं तेही या खेपेला सगळं लिहिलंत. टाच आधी टेकवावी, गुडघ्यात वाकून चालावं, सावलीची बाजू धरावी. वाचून मला हसू आलं, मग हसू थांबेना, म्हातारी घाबरली.

तात्या, येऊ नका.

रागानं म्हणत नाही. तुमची चढायची आखणी अगदी बरोबर होती हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. मळ्यापर्यंत चालायला लागले तेव्हापासून रात्री झोप लागायला लागली होती. पत्र वाचलं तेव्हा मीही 'सोडा'चा अर्थ त्यांच्यासारखाच घेतला. मला वाटलं, तात्यांनाही मी आता नको. पण कागद तुमचा होता, म्हणून हातातून ठेववेना. दमकट्ट्यावर खालचं गाव बघितलं तेव्हा गोपू गेल्यापासून पहिल्यांदा तहान लागली. वर वाऱ्यात बसले तेव्हा मनात आलं, तात्यांनी एवढं बारीकसारीक लिहिलंय, नको असलेल्या लेकीला कुणी जुन्या वहाणा घाला म्हणून सांगतं का? आपलाच समज चुकला. खाली जाऊन तात्यांना लिहू. सासूबाईंना तसं सांगायला म्हणून मागं वळले. मागं कुणी नव्हतं.

मग तुम्ही आलात. तुम्ही वाटेवर दिसलात तेव्हाच मी आत जाऊन गाठोडं बांधलं. धुरपदाबाईनं वेणी घातली. म्हणाली, "बाप आला बग न्यायला, ऊठ." तुम्ही वर पोचेपर्यंत मी पुन्हा अंगण झाडायला लागले होते. तुम्ही अंगणात बसलात आणि बोलायला लागलात. सोडणे या शब्दाचे किती अर्थ होतात ते तुम्ही म्हातारीला सांगितलंत, मला सांगितलंत, देवीकडं बघूनही सांगितलंत. कायदा सांगितलात. हिंमतरावांना कसं नमवणार ते सांगितलंत. मी दाराआड गाठोड्यावर हात ठेवून ऐकत होते. म्हटलं, एवढं बोलून झालं की "चल" म्हणतील. तुम्ही उठलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "तू इथंच थांब, मी सगळं मार्गी लावतो." मी मान हलवली. लहानपणापासून तुमच्यापुढं मान हलवायचीच सवय आहे. तुम्ही दमकट्ट्यापर्यंत उतरलेले मला दिसत होतात. एकदा थांबून तुम्ही पाणीही प्यालात.

त्या संध्याकाळी मी गाठोडं सोडलं.

आता यायचं म्हटलं तरी कुठं यायचं? नवऱ्यानं सोडलेली म्हणून उमरग्याच्या घरात शिरले तर लीलाला बघायला येणारे पाहुणे दारातूनच परत जातील. तिचं होऊन जाऊ द्या. इथं मला कुणी येडी म्हणत नाही. लेकरांच्या पाचवीचं बोललेलं फेडायला बाया येतात. त्यांची तान्ही मी मांडीवर घेते आणि परत देते. देताना दर वेळी हात सुटता सुटत नाही, एवढंच. रात्री फार अंधार असतो. पहिल्यांदा आलेल्या बाया चढून दमतात, त्यांना मी सांगते, पाणी घोटघोट प्या. त्या म्हणतात, बाई, तुमाला बरं ठावं!

वही पुरवून वापरते आहे. या पत्राला दोन पानं लागली.

आईशी अजून तुमचं बोलणं नसेल तर तुम्ही होऊन बोला. मी खुशाल आहे असं तिला सांगू नका, तिला ते खरं वाटणार नाही. तिनं तेव्हाच विचारलं होतं, "आन् मग?" तिला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. तेवढं द्या.

तुमची,
वनमाला